नारिंगी गाठी

वेसाव्याच्या वाळूत अर्धवट गाडलेलं ते हिरवं जाळं श्रुतिकाने अगदी मन लावून कापलं. जुलैतला रविवार, समुद्राने रात्रभर ओकलेला कचरा, आणि किनारा साफ करायला सोबत आलेल्या ग्रुपला पाकिटं उचलण्यापेक्षा सेल्फीत जास्त रस. लोक समुद्राला आई म्हणतात आणि तिच्याच अंगावर उष्टं टाकतात. या रागात तिची कात्री सपासप चालली होती. टाकून दिलेल्या जाळ्यांत कासवं अडकून मरतात, हे तिला पक्कं माहीत होतं. हे जाळं कुणी टाकून दिलेलं नाही, एवढंच माहीत नव्हतं.

"झालं कापून? की अजून थोडं शिल्लक आहे?"

मागे एक जण उभा होता. उन्हाने रापलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"मदत करायची तर कर ना. बघत काय उभा राहिलायस?"

"करतो की. आमचंच आहे. चार दिवसांनी ऊन पडलं म्हणून पसरून ठेवलं होतं. वाऱ्याने वाळू चढवली."

कात्री हवेतच थांबली. "...तुमचं?"

"काकांचं. म्हणजे माझी जास्तच वाट लागली." तो उकिडवा बसला, कापलेल्या कडा बोटांनी चाचपत राहिला. मग वर बघून म्हणाला, "तू काम काय करतेस?"

"अंधेरीला... चष्म्याच्या दुकानात."

तो हसला नाही. ओठाचा एक कोपरा तेवढा हलला, आणि तेवढ्याने तिचे कान तापले.

त्याचं नाव सुयोग. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून बोटी किनाऱ्यावर. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की सगळ्या निघणार. तोवर जाळं दुरुस्त झालं नाही तर काकांची बोट तशीच पडून राहणार. श्रुतिकाने माफी मागितली, तेव्हा सुयोगच्या आईने, सोनूबाईने, तिच्या हातात सुई आणि नायलॉनचा दोरा कोंबला.

"कापताना लाजली नाय, मंग शिवताना कशाला लाजतंस गो? बस."

ती बसली. हिरवा दोरा संपला होता, म्हणून तिच्या वाट्याला नारिंगी आला. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचा आला, मग दुकान सुटल्यावर मधल्या वारीही ती यायला लागली. ओसरीवर दोघं समोरासमोर, मध्ये पसरलेलं जाळं, पत्र्यावर पावसाचा ताशा. ती गाठ मारायची, तो ओढून बघायचा, गाठ सुटायची.

"तू मुद्दाम जोरात ओढतोस."

"मासा काय प्रेमाने ओढणार आहे?"

"तुला काय माहीत मासा कसा ओढतो?"

"बरोबर. मी कुठे कधी अडकलो होतो..." तो जाळ्याकडे बघत म्हणाला, "आजपर्यंत."

तिने मान खाली घातली आणि गाठ चुकवली. सोनूबाई आतून खोकली.

"तू जोगेश्वरीची ना?" त्याने एकदा विचारलं. "तुमच्या नाल्यातून मला कायम काहीतरी येतं. पिशव्या, बाटल्या, चपला. एकेका पायाच्या. यंदा पहिल्यांदाच काहीतरी बरं आलं."

ती हसली. मग एकदम थांबली. "जाळ्यात येतं ते? मग त्याचं काय करतोस?"

"काय करणार? मासे निवडायचे, बाकीचं परत पाण्यात."

तिने सुई खाली ठेवली.

"म्हणजे आम्ही कंबर मोडून वाळूतून उपसतो, ते तू टाकलेलं असतं?"

"मी एकटा टाकतो काय? सगळे टाकतात. बोटीत मासे ठेवायला जागा पुरत नाही. आणि मूळ तुमचंच ना, वरून आलेलं."

"आलं असेल माझ्या घरातून. मान्य. पण हातात आलेलं तू परत सोडतोस, सुयोग. त्या पिशवीने कासव मरेल तेव्हा ते पत्ता विचारणार नाही."

"काका तांडेल आहेत, बोटीवर त्यांचं चालतं. मी साधा खलाशी. काय सांगू, एका मुलीने सांगितलं म्हणून कचरा घरी न्यायचा? अख्खं बंदर हसेल."

"हसू दे." तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "बंदर हसेल म्हणून गप्प बसणारा माणूस मला नको. जाळं पुरं करून देईन. पण ओसरीवरचं हे... जे काय चाललंय ना आपलं... ते तू काय घेऊन येतोस त्यावर."

उरलेल्या गाठी तिने करकचून मारल्या. तोही पूर्वीइतक्याच जोरात ओढत गेला. आता एकही सुटत नव्हती.

पुनवेला नारळ गेला, बोटी गेल्या. पहिली फेरी परत येणार त्या सकाळी तिने दुकानात ताप आल्याचं कळवलं. खोटं तरी कसं म्हणावं, छातीत धडधड होतीच.

बोटी लागल्या. पापलेट उतरले, बोंबील उतरले, कोळणींचा गलका उठला. काकांच्या बोटीवरूनही टोपल्या उतरल्या. सुयोग उतरला तो रिकाम्या हाताने. तिच्याकडे न बघता दोर बांधत बसला.

श्रुतिका वळली. नको तर नको.

"ए चष्मेवाली," काकांचा आवाज अख्ख्या बंदरावर गेला. राजाराम तांडेल बोटीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. "तुझा माल कोण उतरवणार? माझा बाप?"

बोटीच्या तोंडाशी गोण्या रचल्या होत्या. पिशव्या, बाटल्या, थर्माकोल, तुटके दोर. पाणी गळतंय, वास मारतोय. बंदर खरंच हसत होतं. एक कोळीण म्हणाली, "आरं सुयोग, पोरीला चाफा देतात रं, ह्ये काय?"

"तिला हेच आवडतं, मावशी," तो म्हणाला. कान लालबुंद, पण आवाज खणखणीत.

"काका तयार कसे झाले?" तिने जवळ जाऊन विचारलं.

"नाही झाले. मी म्हटलं, गोण्या माझ्या झोपायच्या जागेत ठेवतो. सगळी फेरी उभ्यानेच डुलक्या काढल्या." त्याने डोळे चोळले. "शेवटी तेच वैतागून म्हणाले, हिला एकदाची घरात आण, म्हणजे मी सुटलो."

"आणि जाळं?"

"हिरवं दोन ठिकाणी फाटलं. नारिंगी जसंच्या तसं."

तिने वाकून एका गोणीचं तोंड धरलं. त्याने दुसरी बाजू धरली. ओल्या गोणीखाली बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती काढून घेतली नाहीत.

"आता दिसतंय का नीट?" त्याने हळूच विचारलं.

"दिसतंय. उचल."