आत्याचा सागवानी सोफा

"कोणी मारलं हे औषध? मला नाव हवंय!"

पूर्णिमा दारातच उभी होती. केस विस्कटलेले, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, डोळे रडून रडून सुजलेले... चार वर्षांच्या निशाला दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता. शेजारणीला तिच्या उशाशी बसवून पूर्णिमा वारज्याच्या आपल्या घरी धावत आली होती. कपडे न्यायचं नुसतं निमित्त होतं, खरं तर ती जाब विचारायला आली होती!

हॉलमध्ये तो उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास अजून कोंडून राहिला होता. सोफ्याची कुशनं ओली-ओली वाटत होती. खिडकीशी पाठमोरा उभा असलेला तिचा नवरा सौमित्र वळला नाही. त्याची बोटं गजांवर घट्ट आवळलेली त्याच्या मोठ्या बहिणीला, कल्याणीला दिसली, आणि तिचं काळीज गलबललं. लहानपणी काही मोडलं-फुटलं की तो असाच उभा राहायचा...

"मी मारलं," कल्याणी म्हणाली.

आई गेली तेव्हा सौमित्र शाळेत होता आणि कल्याणीचं लग्न ठरलेलं होतं. तिनं ते मोडलं, नोकरी धरली आणि या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आईच्या हौसेचा एकच ऐवज घरात उरला होता, हा सागवानी सोफा. कल्याणी त्याला जिवापाड जपायची. ओलं फडकं कधी लाकडाला लागू द्यायची नाही. मऊ, कोरड्या कापडानं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलकेच पुसायची, वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात फिरवायची. कुशनं उलटीपालटी करून गॅलरीतल्या उन्हात टाकायची, धूळ झटकायची, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायची. "ताई, सोफ्यावर बसायचं असतं, त्याची पूजा करायची नसते," असं पूर्णिमा तिच्या कोरड्या पद्धतीनं म्हणायची. पण त्यात विष नसायचं.

विष त्या दिवशी आलं! सोफ्याच्या मागच्या पायाला वाळवी लागलेली दिसली. कल्याणीनं पाय खरवडून उन्हात तापवायचं ठरवलं होतं. ती मंडईत गेलेली असताना सौमित्रनं कुठूनतरी मागवलेल्या जहाल औषधानं लाकूडच काय, कुशनंसुद्धा भिजवून काढली. वास शेजारी जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि आतल्या खोलीत जाऊन तो ऑफिसच्या मीटिंगला बसला. बालवाडीतून आलेली निशा सवयीनं सोफ्यावर चढली आणि कुशनमध्ये तोंड खुपसून झोपली... कल्याणी भाजीची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा त्या इवल्याशा छातीतून शिट्टी वाजत होती!

दवाखान्याच्या जिन्यात सौमित्रनं तिचे हात धरले होते. "ताई, मागे मी निशाला बसथांब्यावर विसरलो तेव्हाच पूर्णिमानं बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर निशाला घेऊन अमरावतीला माहेरी जाईन, तोंड दाखवणार नाही. ती जाईल गं ताई... खरंच जाईल!"

म्हणून कल्याणी म्हणाली, "मी मारलं."

पूर्णिमा तिच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? एका लाकडासाठी? ताई, माझी मुलगी तिथे श्वासासाठी तडफडतेय! तिच्या जिवापेक्षा हा सोफा प्यारा झाला तुम्हाला?"

कल्याणीनं खिडकीकडे पाहिलं. वाटलं, आता सौमित्र वळेल... आता तरी तोंड उघडेल... पण गजांवरची बोटं तेवढी सैल झाली.

"निशा घरी येईल तेव्हा तुम्ही इथे असायला नको. आणि हे धूडही घेऊन जा!"

खडकवासल्याला वेणूबाई राहत होत्या. कल्याणीच्या जुन्या ऑफिसात त्या शिपाई होत्या. आता मुलं शहरात पांगल्यामुळे शेतातल्या घरात एकट्याच होत्या. टेम्पोतून उतरलेला सोफा आणि त्यामागून उतरलेली कल्याणी बघून त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "पडवी रिकामीच हाय ताई. ऱ्हावा की हवं तितकं," एवढंच म्हणाल्या.

निशा बरी झाली. पण नातेवाइकांत बोभाटा झाला तो झालाच. "लग्न न झालेल्या बायका अशाच विक्षिप्त होतात," असं गोपाळकृष्णकाका म्हणाल्याचंही कल्याणीच्या कानावर आलं. ज्या चुलत-मावस भाच्यांची बाळंतपणं तिनं रजा काढून केली, त्यांनी फोन करणं सोडलं. सौमित्र आधी दर रविवारी यायचा, मान खाली घालून बसायचा, मग महिन्याने येऊ लागला, मग नुसता फोन... लाजेनंच त्याला तिच्यासमोर बसवेना!

कल्याणी दिवसभर अंगणात त्या सोफ्याला भिडलेली असे. नाकाला पदर बांधून तिनं कुशनच्या खोळी उसवल्या, विष प्यालेला कापूस नि फोम कचऱ्याच्या गाडीत दिला, पोखरलेला पाय गावातल्या सुताराकडून बदलून घेतला. मग काचपेपर घेऊन ती सगळं लाकूड घासत बसली. वरचा थर निघून खालचं मधासारखं सागवान दिसेपर्यंत घासत राहिली.

"कुणासाठी एवढं?" वेणूबाई विचारायच्या.

"नातेवाइकांत नाव झालंय ना या सोफ्याचं, पोरीला मारणारा म्हणून. निदान त्याचं तरी नाव धुऊन निघू दे," ती हसून म्हणायची आणि खोकायची.

तरुणपणी तिला क्षय झाला होता. फुप्फुसं तेव्हापासूनच अधू होती. त्यात हा भुसा, ती धूळ... पदराला जुमानतेय थोडीच! थंडी सरता सरता पडवीची पायरी चढतानाही तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सुस्कारा सोडला. "फुप्फुसं आखडत चालली आहेत. दुखणं जुनं आहे, पण धुळीनं फार घात केला."

हे तिनं सौमित्रला कळवलं नाही.

इकडे वारज्यात स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला वाळवी लागली. भांडी घासणाऱ्या सोजरबाई सोफ्यावर औषध मारलं त्याच दिवशी दुपारी लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या होत्या, त्या नुकत्याच परतल्या होत्या. पूर्णिमा औषधाचं बोलताच त्या पटकन म्हणाल्या, "वहिनी, माहितगार मानूस बोलवा. सायबांच्या हातात नका देऊ. मागच्या खेपेला सोफ्यावर मारलं तवा म्या खिडक्या उघडाया गेले, तर मलाच वरडले!"

"सायबांनी... मारलं होतं?"

"मग? ताई तर मंडईत हुत्या की!"

पूर्णिमाच्या हातातला डबा ओट्यावर आपटला. तिनं ऑफिसला फोन केला नाही, कुणाला काही विचारलं नाही. निशाला शाळेतून घेतलं आणि रिक्षानं थेट खडकवासला गाठलं.

कल्याणी पडवीत उशांना टेकून बसली होती. गालफडं बसलेली, ओठांवर निळसर झाक... एका क्षणात पूर्णिमाला सगळं दिसलं, आणि ती तिच्या पायांवर कोसळली.

"का नाही सांगितलंत ताई? का?"

"निशाला बाप हवा होता गं..." कल्याणीनं कष्टानं श्वास घेतला. "आणि तुला घर."

"आणि मला विचारलंत का तुम्ही?" पूर्णिमानं भिजलेला चेहरा वर केला. तिच्या स्वरात वेदनेइतकाच संतापही होता. "तुम्ही मोठ्या झालात, तो सुटला, आणि मी? एका निष्पाप बाईला घराबाहेर काढणारी ठरले! हे पाप माझ्या पदरात का टाकलंत?"

इतक्या महिन्यांत हा विचार कल्याणीच्या मनाला शिवलाही नव्हता. आपण त्याग केला एवढंच तिला ठाऊक होतं. त्या त्यागाखाली दुसरंही कुणी चिरडलं जाईल...

"चुकले मी," ती म्हणाली. "तुला परकी समजले. माझं चुकलं, पोरी!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. दारात उभी राहून निशा भेदरून बघत होती. तिला वेणूबाईंनी शेतातली गाय दाखवायला नेलं.

वारज्याला परत यायला कल्याणीच्या अंगात त्राण नव्हतं. मग पूर्णिमानंच बिनपगारी रजा काढली आणि ती निशासह तिथेच राहिली. निशाच्या आत्याला भरवायची, पाठीवर हात फिरवायची, उन्हात बसवायची. खरं उघड झाल्याचं कळल्यावर सौमित्र रोज संध्याकाळी येई. ताईच्या पायाशी बसून हुंदके देई. कल्याणी त्याच्या केसांतून हात फिरवी, पण पूर्णिमा त्याच्याशी अक्षर बोलत नसे.

"काकांना सांग, सगळ्यांना सांग," एवढंच एकदा ती म्हणाली होती. "माझ्याशी नंतर बोल."

"सांगतो... ताईला जरा बरं वाटू दे," तो म्हणाला होता.

"राहू दे गं," कल्याणी मधे पडली होती. "आता लोकांचं काय करायचंय मला?" पण बोलताना तिची नजर सौमित्रच्या तोंडावर खिळली होती... वाट बघत असल्यासारखी!

ताईला बरं वाटलंच नाही. चैत्रातल्या एका सकाळी, पूर्णिमा तिच्या ओठांना पाणी लावत असताना, तो दमलेला श्वास थांबला.

नातेवाईक जमले. नव्या खोळींचा तो सोफा अंगणात काढून ठेवला होता, पण त्यावर कुणी बसेना. गोपाळकृष्णकाकांनी काठीच त्याच्याकडे रोखली आणि हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाच ना तो? ज्याच्यापायी कल्याणीनं पोरीला विष..."

"मी मारलं होतं ते औषध."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सौमित्र ताईच्या उशाशी उभा होता. चेहरा पांढराफटक होता, पण या वेळी तो लोकांकडे तोंड करून उभा होता.

"ताई घरात नव्हतीच. मी मारलं, मी खिडक्या लावल्या. आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली तेव्हा मी... मी गप्प बसलो! तिला घराबाहेर काढलं तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही सगळ्यांनी तिला नावं ठेवलीत, तेव्हाही. तिला ऐकू येत होतं तोवर मला हे म्हणता आलं नाही, काका..."

काकांची काठी खाली आली. पाठीमागे कुणीतरी बाई पदरात हुंदका दाबत होती. सौमित्र तसाच एकटा उभा होता, शेजारी ताई पांढऱ्या चादरीखाली शांत निजलेली...

पूर्णिमानं निशाला वेणूबाईंकडे दिलं. माणसांमधून वाट काढत ती पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.