परत करायचा हार

मस्कतच्या सीब विमानतळावर कस्टमच्या माणसानं गिरिजाच्या बॅगेतून एक प्लास्टिकची पिशवी बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि हुंगली. आत वाळून तपकिरी पडलेला फुलांचा हार होता. वाळलेला पाला दिसला की कस्टमच्या माणसाच्या डोळ्यांत जी चमक येते, ती गिरिजाला पाहून आजवर कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती.

"फ्लॉवर्स," ती म्हणाली. "टेंपल... मॅरेज..."

त्याला इंग्रजी येत नव्हतं. किंवा अशा वेळी येत नसावं.

रांगेत तिच्या मागे उभा असलेला उंच, सावळा माणूस पुढे झाला आणि मोडक्यातोडक्या अरबीत काहीतरी ठासून बोलला. मग तिच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "तो विचारतोय, लग्नाचा हार आहे तर नवरा कुठाय?"

"नवरा अजून नाही. हार आधी मिळतो, नवरा नंतर."

त्यानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. हसला नाही, पण न हसण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडले. मग त्या अधिकाऱ्याला एकच शब्द सांगितला, "इन्शाल्ला."

अधिकारी मनापासून हसला. बॅगेवर खडूनं फुली मारली. "यल्ला, खलास!"

ऑगस्ट २००१ चे दिवस होते. गिरिजा पुण्याची, सलालाहच्या भारतीय शाळेत गणित शिकवायची. वय एकतीस, नातेवाइकांच्या गणितात चाळीस. तो प्रफुल्ल मेश्राम, नागपूरचा इंजिनिअर. सलालाहच्या बंदरात, समुद्रात दगड टाकून लाटा अडवायच्या, हे त्याचं काम. पुढच्या विमानात दोघांच्या जागा शेजारी आल्या. म्हणजे त्यानं एका म्हाताऱ्या ओमानी गृहस्थाला उठवून त्या शेजारी आणल्या.

खाली सलालाह भिजत होतं. त्या मोसमात तिथं तीन महिने भुरभुर चालते आणि आखातातली माणसं शेकडो मैल गाड्या हाकत येऊन चिखलात सतरंज्या टाकून बसतात. गिरिजाला हा पाऊस आवडत नसे. धड पडत नाही, धड थांबत नाही... मुलाकडच्या मंडळींसारखा. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

पुढचे सुट्टीचे शुक्रवार नारळाच्या बागांपाशी, शहाळ्याच्या टपरीवर गेले. तमिळनाडूतल्या देवळांचे फोटो ती त्याला दाखवायची. आईबरोबर पुण्याच्या यात्रा कंपनीनं गेली होती. चौदा दिवसांत एकवीस देवळं, आचारी सोबत.

"तंजावरच्या शिखरावर म्हणे ऐंशी टनांचा दगड आहे," तो म्हणायचा. "वर कसा चढवला, विचारलंस?"

"नाही."

"तिथं भिंतीवर मोठा मराठी शिलालेख आहे, भोसल्यांचा. वाचलास?"

"सुरुवात केली होती. पण मॅनेजर ओरडला, पिठलं गार होतंय."

"आणि चिदंबरम?"

"बंद होतं. पुण्यासारखं तिकडेही दुपारी चार वाजेपर्यंत सगळं खलास. आम्ही दारात बसून पोहे खाल्ले."

"हजार वर्षांचं देऊळ बघायला गेलात," तो म्हणाला, "आणि जेवून आलात."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे तिला ठसका लागला. त्यानं आपलं शहाळं पुढे केलं. ती त्याच्याच नळीनं पाणी प्यायली आणि मग दोघंही बराच वेळ पावसाकडे बघत राहिली. पावसात बघण्यासारखं काही नव्हतं.

"एवढं माहितीय, मग गेला का नाहीस कधी?" तिनं एकदा विचारलं. तोवर 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"देवळात जात नाही मी." तो नळीची घडी घालत होता. "आजोबांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली नाही कुणी. छप्पन साली माझ्या बाबांनी धम्मदीक्षा घेतली. म्हणाले, आता पालखी पाठवली तरी जायचं नाही. मी शब्द दिलाय त्यांना... दगड काय, बाहेरूनही दिसतो."

गिरिजानं शहाळं खाली ठेवलं. कारण आता हाराची गोष्ट सांगणं भाग होतं. तिरुमणंचेरीच्या देवळात लग्न न जमलेल्यांना हार देतात. तो घरी जपून ठेवायचा आणि लग्न झालं की नवऱ्याला घेऊन जायचं, जोडीनं आत जाऊन परत करायचा. एकटीनं नाही, पोस्टानंही नाही. आईनं पुजाऱ्याला दोनदा विचारून घेतलं होतं.

"नाही केला परत तर?"

"तुळजापूरचा नवस फेडायचा राहिला आणि वर्षाच्या आत बाबा गेले. आई म्हणते, राहिलेलं देणं घरातल्या पुरुषाला भोवतं."

"आणि गणिताच्या बाई काय म्हणतात?"

गणिताच्या बाई आठवीच्या मुलांना सहज पटवून देऊ शकत होत्या, की एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे घडली असं होत नाही. गिरिजाचा विश्वास नव्हताच. पण प्रफुल्लवर प्रयोग करून पाहायची हिंमतही नव्हती.

पुढच्या जूनमध्ये आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. गिरिजानं राजीनामा दिला. शेवटच्या शुक्रवारी भुरभुर नुकतीच सुरू झाली होती.

"मी येतो आत," प्रफुल्ल एकदम म्हणाला. "पाच मिनिटं. हार ठेवायचा, बाहेर यायचं. बाबांना कळणार नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बंदराच्या भिंतीला तडा गेल्याचं साहेबाला सांगावं, तसा चेहरा झाला होता त्याचा.

"तुला कळेल ना?" ती म्हणाली.

तो शहाळ्यातली नळी काढून तिची घडी घालू लागला.

"मग नको. तू असा आत आलास, तर मला हवा असलेला माणूस चपलांपाशीच राहील."

तिनं पर्समधून ती पिशवी काढली आणि त्याच्या हातात दिली. "हा तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे? मेश्रामांच्या घरात देवळातला हार?"

"पुण्यात राहिला तर आई दुसऱ्या कुणाला तरी उभं करेल आणि आम्हाला घेऊन जाईल. हा परत केल्याशिवाय दुसरा मागायचा नाही, हा तिचाच नियम. हार इथं असेल तर तिला मला कुणाबरोबर कुठंच नेता येणार नाही." तिनं त्याची बोटं पिशवीवर मिटवली. "याहून स्पष्ट मला बोलता येत नाही रे..."

"कळलं," तो म्हणाला. पिशवी त्यानं शर्टाच्या आत, पाऊस लागणार नाही अशी धरली.

हार ओमानमध्येच राहिला हे ऐकून आई अंथरुणात उठून बसली. "अगं, मग आणायला नको?"

"इन्शाल्ला," गिरिजा म्हणाली. आईला वाटलं, तिकडचं काहीतरी औषध असेल.

याला चार वर्षं झाली. आईचं हाड जुळलं, स्थळं येतात, चहा पिऊन जातात. दर सप्टेंबरात, सलालाहची भुरभुर संपली की, गिरिजा फोन लावते.

"ऊन पडलं?"

"आजच. गच्चीत वाळत घातलाय. बुरशी आली होती यंदा."

"फुलं किती आहेत?"

"फुलं गेली गं सगळी." तिकडून वाऱ्याचा आवाज येतो. "दोरा आहे."

"घट्ट आहे?"

"आहे."

"मग ठेव," गिरिजा म्हणते.