गुरुजींचा आकडा

"आबांना मारलं आसंल का हो?"

प्राची दारातच बसली. दौंडला खासगी तपास करणाऱ्या महेंद्र ओव्हाळांनी पाण्याचा पेला दिला, पण तो तिने तसाच खाली ठेवला. बाईची पाचावर धारण बसली होती.

तिचे वडील खंडू गुरुजी, न्हावऱ्याचे निवृत्त गणितशिक्षक, तीन दिवस बेपत्ता होते. यवतला जीपखाली नकुशी नावाची बाई मेली होती. जीप कोण चालवत होतं, हे एकट्या गुरुजींनीच पाहिलेलं. घरीही नाव न सांगता ते उद्या कोर्टात सांगणार होते.

काल टपालाने पत्र आलं. "काशीला चाललो आहे. शोधू नका." खाली आकडा: १२३४५६७८९.

"अक्षर आबांचंच. दर पत्राखाली ह्योच आकडा लिवत्यात. नवानं गुणला की नुसते नऊ एक्के."

"आठ थरथरलाय," हरिबा म्हणाला. ओव्हाळांच्या या सोबत्याला दिसायचं सगळं, उमगायचं उशिरा. "वय झालंय, दुसरं काय?"

न्हावऱ्यात जीपचा मालक सुरज कांद्यात उभा होता.

"चावी आतच ठेवून जीप यवतच्या बाजारात सोडली, ही माझी चूक. गुरुजी आलं न्हाईत तर खून माझ्याच गळ्यात. त्यांच्याच शाळंत शिकलोय, छड्या खाऊन त्यो आकडा पाठ केलाय."

"कांदा सुकलाय," हरिबा म्हणाला.

"रविवारी कालव्याच्या चारीचं पाणी बंद झालं. आता म्होरं पंधरा दिस थेंब न्हाई."

गुरुजींचा भाचा नवनाथ त्यांच्या घराजवळच भेटला, खांद्यावर फावडं. तो यवतला शिकलेला.

"मामांनी सोमवारी स्टँडवर माझ्यासमोर पत्र लिवलं. म्याच पेटीत टाकलं."

"आकडाही पाहिला?"

"व्हय की. एक ते नऊ, त्यात काय? चला, तीन दिस चारीवर पाणी धरतोय."

"थांबा," ओव्हाळ म्हणाले. त्यांनी सुरजला बोलावून घेतलं आणि प्राचीसमोर पाटी ठेवली. "गुणा नवाने."

तिने खडू उचलला. उत्तर आलं, तिने पुसून पुन्हा केलं, तरी तेच: ११११११११०१.

"मधी शून्य कसं?" हरिबा.

"सुरज, पाठ म्हणा."

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ." सुरज थबकला. "आठ नसतोच की त्यात!"

"आठ काढला तरच नऊ एक्के येतात. गुरुजींनी तो मुद्दाम घातला. पत्र जबरदस्तीने लिहून घेतलंय, हे ओरडून सांगायला त्यांच्याकडे तेवढीच जागा होती. सुरज पहारा करत असता तर त्याने हे तिथेच पकडलं असतं. पहारेकरी त्यांच्या शाळेतला नव्हता. त्याला एक ते नऊ बरोबरच वाटले. आणि नवनाथ, रविवारी पाणी बंद झालं. कोरड्या चारीवर तीन दिवस तुम्ही काय धरलंय?"

नवनाथच्या तोंडचं पाणी पळालं. जीप त्यानेच नेली होती. सुरजने त्याचं मनगट पकडलं.

चारीवरच्या पंपाच्या खोलीत गुरुजी सापडले. हातपाय बांधलेले, ओठ फुटलेले, पण जिवंत.

"आबा, कालपास्नं पत्र शंभरदा वाचलं," प्राची हमसून रडली. "भीतीनं मला त्यो आठ दिसलाच न्हाई."

गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो अजून थरथरत होता.

"लिवताना मीबी भ्यालो हुतो, पोरी. कुणी गुणलंच न्हाई तर?"