खाप्याच्या राउटरमध्ये आणखी एक जण

दार लोटून घ्या, थंडी येतेय. आणि मोहित, मध्येच हसायचं नाही. हा केयूर माझ्या हाताखाली होता, आणि हे त्यानंच मला सांगितलं.

आमचं काम इंटरनेटच्या राउटरचं. प्रताप नगरच्या ऑफिसात बसून खापा गावातलं राउटरचं यंत्र लांबून चालवायचं. माउस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम लिहीत पायरी पायरीनं आत उतरायचं. आतल्या पायरीवर एक शब्द चुकला, की ज्या लाइनवरून आत आलात तीच तुटते. बसल्या फांदीवरच कुऱ्हाड! म्हणून आधी यंत्राला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन चालू हो. काम जमलं तर तो हुकूम रद्द करायचा. नाही जमलं, तर यंत्र जुनी मांडणी घेऊन परत उभं राहतं.

चौदा डिसेंबर २०२२ ला केयूर नेमकं तेवढंच करायला विसरला, आणि आत एक शब्द चुकला. रात्री पावणेबाराला लाइन गेली. सावनेरहून नत्थूजींचा फोन आला. खाप्याचं यंत्र बिघडलं की गाडी काढून तेच जायचे.

"काहून गेली गा लाइन? तू काही बदललं का?"

"नाही काका. आपोआप गेली."

"बरं. मी जाऊन पाहतो. तू टेन्शन नको घेऊ."

खाप्याच्या रस्त्यावर एक ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. नत्थूजी पोचलेच नाहीत. केयूर कुणापाशी काही बोलला नाही.

बरोबर वर्षानं, गुरुवारी रात्री, तेच यंत्र पुन्हा त्याच्याच वाट्याला आलं. दुधानं तोंड पोळलेलं. या वेळी दहा मिनिटं लावूनच तो आत उतरला. बदल केला. लाइन टिकली. आता हुकूम रद्द करणार, तोच पडद्यावर ओळ आली. आत आणखी एक जण आहे. नाव, नत्थूजी. आणि तो लाइनवरून आलेला नव्हता. यंत्रालाच तार जोडून बसला होता... खाप्याला, यंत्राच्या बंद खोलीत.

केयूरनं तिथल्या चौकीदाराला, रोहितला, फोन लावला.

"कुलूप हाय ना साहेब. बाहेरून."

सहा मिनिटं उरली.

अक्षरं उमटली, "पोचलो गा. काय बदललं होतं, सांग."

केयूरनं लिहिलं, "चूक माझी..." आणि थांबला. तिथला प्रत्येक शब्द त्याच्या नावानं नोंदला जातो. सकाळी साहेब वाचणार. नोकरी जाणार. त्यानं पुसलं.

"सांग ना गा."

पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

तीन मिनिटं.

"थंडी हाय इथं."

केयूर रडत होता. बोटं हलेनात...

एक.

...

यंत्र बंद झालं. हुकूम रद्द करायचा राहूनच गेला होता. पुन्हा चालू झालं, तेव्हा आत कोणी नव्हतं.

महिनाभरात त्यानं नोकरी सोडली. जाताना मला सगळं सांगितलं. पण मला सांगून काय उपयोग? विचारलं होतं नत्थूजींनी.

पुढच्या मे महिन्यात ते यंत्र बदललं. नवं कोरं, खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. कुणाचंच नाव अजून त्यात घातलेलं नव्हतं. चालू होऊन चार मिनिटं झाली असतील. सवयीनं विचारलं, आत कोण आहे? यंत्र नावं दाखवतं, आणि नावापुढे तो किती वेळ काही न लिहिता बसून आहे तेही.

पहिली ओळ माझी.

खाली दुसरी. नत्थूजी. उत्तराविना बसून... पाच महिने.