आरसा की खिडकी

बारामतीत भिगवण चौकाजवळ, जिना चढून वर गेलं की कॅमेऱ्यांचं एक अरुंद दुकान लागतं. प्रगती तिथं आली होती एसएलआर घ्यायला, आणि तासाभरात जीव जडवून बसली भलत्याच कॅमेऱ्यावर.

इंदापूरची ही फोटोवाली तशी सहजी भुलणारी नव्हती. सहा वर्षं लग्नं टिपून नजर पक्की झाली होती. मांडवात पाऊल टाकताच कोणता मामा रुसणार आणि कोणती करवली प्रत्येक फोटोत घुसणार, हे ती आधीच सांगायची. पण तिचा जुना कॅमेरा परवाच बंद पडला होता आणि गुरुवारी पिंपळीत लग्न होतं. तेवढ्यात काउंटरवरच्या छोट्या, काळ्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या खिडकीला तिनं सहज डोळा लावला... तो काही निघेना.

"तो माझा आहे," मागून आवाज आला.

ती तशीच, डोळ्याला कॅमेरा लावून वळली. खिडकीत एकाच तरुणाच्या दोन पुसट आकृत्या दिसल्या. तिनं लेन्सची कडी फिरवली तशा त्या सरकत सरकत एकमेकींत मिसळल्या. दुमडलेल्या बाह्या, उन्हातून आलेला घाम आणि रागानं लाल झालेले कान.

"नाव तर कुठं दिसत नाही," ती म्हणाली.

हा सांगवीचा संदेश, दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला. आपला एसएलआर देऊन हा रेंजफाइंडर न्यायचं त्यानं पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. दुकानाचे मालक विजयसिंहतात्या त्याला हो म्हणाले होते आणि आत्ता प्रगतीलाही म्हणाले होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

संदेशनं मग समजुतीचा सूर लावला. ह्यात फोकस हातानं करावा लागतो, लग्नाच्या धांदलीत ते म्हणजे पळत पळत सुईत दोरा ओवणं. त्यापेक्षा त्याचा एसएलआर तिनं घ्यावा. त्यातल्या आरशामुळं लेन्समधून दिसतं तेच मिळतं.

"पण बटण दाबलं की आरसा वर उठतो ना," प्रगती म्हणाली. "डोळ्यापुढं अंधार होतो. दोनशे लग्नं काढली मी. अंतरपाट सरतो, अक्षता पडतात, नवरी मान वर करते... नेमका तो क्षण मी एकदाही पाहिला नाही. नंतर स्क्रीनवर बघते, परक्यासारखी."

संदेशजवळ अजून दोन मुद्दे शिल्लक होते. ते त्यानं गिळले. हरताना चिडत नाही, हे प्रगतीनं मनात त्याच्या बाजूनं धरलं. कानही आता बरे दिसत होते.

तात्यांनीच तोडगा काढला. "रविवारी दोगं बी डाळजला धरणाच्या पाण्यावर जावा. पाखरं आल्यात. दोन्ही कॅमेरे वापरून बघा आन् सोमवारी काय ते सांगा."

रविवारी सकाळी डाळजच्या गंगाराम आबा नावाड्याच्या होडीच्या एका टोकाला रेंजफाइंडर घेऊन प्रगती, दुसऱ्या टोकाला एसएलआर घेऊन संदेश. पाणी काचेसारखं निवांत, आणि त्यात लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी ओळ. प्रगतीनं मागचा स्क्रीन आतल्या बाजूला वळवून बंद करून टाकला. काढलेला फोटो लगेच बघायचा नाही, अशी ऐट. आणि खरंच, बटण दाबलं तरी खिडकी लख्खच राहिली. संदेश हसला, दिसला. वाऱ्यानं केस उडाले, दिसले. ती दाबत राहिली...

"ताई, पाखरं तुमच्या पाठीमागं हायती," गंगाराम आबांनी न राहवून सांगितलं.

उजेड हिकडंच चांगला आहे, असं तिनं ठणकावलं. आबा वल्हं मारत मिशीत हसले.

काठावर बाभळीखाली चहा घेताना तिनं स्क्रीन उघडला. पहिला फोटो काळा. दुसरा काळा. सगळेच काळे... तिनं कॅमेरा उलटा केला तर लेन्सवर झाकण तसंच. एसएलआर असता तर डोळा लावताच अंधार दिसला असता; ह्याची खिडकी वेगळी, लेन्सशी तिचा संबंधच नाही.

हेच गुरुवारी पिंपळीत झालं असतं तर? एका पोरीचं अख्खं लग्न काळं. हा कॅमेरा आपला नव्हे, निर्णय तिथंच झाला, आणि डोळे भरून आले.

मग तिच्या ध्यानात आलं, संदेशला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला झाकण दिसत होतं."

"पहिल्यापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर... कॅमेरा माझ्यावरनं हलवला असता तुम्ही."

"तुमच्यावर कशाला? पाखरं काढत होते मी."

त्यानं एसएलआरचा स्क्रीन तिच्यापुढं धरला. त्यात प्रगती होती. पुन्हा प्रगती. एक डोळा मिटलेली, ओठ दातांत धरलेली, आणि झाकण लावलेली लेन्स थेट त्याच्यावर रोखलेली. पाखराचं पीससुद्धा कुठं नव्हतं.

"म्हणजे तुम्हीही..."

"न्हाय काढली पाखरं," तो म्हणाला. इतका वेळ सांभाळलेली भाषा सुटली आणि सांगवी तोंडात आली. "दुकानात अक्षतांचं बोललात, तवाच काम बिघडलं माझं. आयका, एसएलआर तुमीच न्या. रेंजफाइंडर मी ठेवतो. गुरुवारी येतो मी पिंपळीला. अंतरपाट सरायची येळ झाली की कॅमेरा माझ्याकडं द्या. बटण मी दाबतो, तेवढा अंधार मी बघतो... तुमी नुसतं नवरीकडं बघा."

प्रगतीनं कप खाली ठेवला.

"आणि आपल्या वेळी कोण दाबणार?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. संदेशच्या हातातला चहा शर्टावर सांडला, तरी त्याला पत्ता नव्हता.

"सांगवीत एक फोटोवाला हाय," तो म्हणाला. "लई वाईट काढतो. निम्म्या पाहुण्यांची मुंडकी उडवतो... चालंल?"

प्रगतीनं, जिनं आयुष्यात कुणाचा तिरका फोटो खपवून घेतला नव्हता, क्षणभरही विचार केला नाही.

"चालेल."