आप्पांचा न्हाय

उमरग्याला हायवेच्या कडेला एक दवाखाना आहे. दिवसभर ट्रक धडधडत जातात आणि दवाखान्याच्या काचा थरथरत राहतात. अशाच एका काचेच्या दारासमोर उभा राहून कृष्णराज पुटपुटत होता, "नमस्कार, माझे वडील बोलू शकत नाहीत... नमस्कार, माझ्या वडिलांना बोलता येत नाही..." यातलं जास्त शुद्ध कुठलं, ते त्याचं ठरेना. तेवढ्यात दार आतून उघडलं ते थेट त्याच्या नाकावर.

"अगं बाई... लागलं का?" दारातल्या मुलीनं विचारलं. पांढरा कोट, खांद्यावर ओघळलेली वेणी आणि दाबून धरलेलं हसू. "पेशंट तुम्हीच ना? मघापासून बघतेय, एकच वाक्य घोकताय. अडखळण्याचा त्रास लहानपणापासून आहे?"

"नाही, मी... पेशंट तिकडे बसले आहेत."

बाकड्यावर बलभीमआप्पा होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारी त्याची आई लक्ष्मीबाई पदरानं त्यांच्या ओठाची कड पुसत होत्या. मुलीचं हसू मावळलं. तिचं नाव अर्पिता. लकव्यानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम.

आता हा गडी दारापुढं वाक्यं का घोकत होता, ते सांगायला पाहिजे. मुरुमच्या बाजारात कृष्णराजचं खताबियाण्याचं दुकान. माणूस सरळ, कामाला वाघ, आणि जीभ पक्की गावची. पुण्याच्या राजनंदिनीशी त्याचं लग्न ठरलं, पत्रिका छापून झाल्या. एकदा तिच्या मैत्रिणींसोबत हॉटेलात जेवताना त्यानं वेटरला हाक मारली, "पानी द्या की वं, लई तिखट हाय." टेबलभर हशा पिकला. हाही बिचारा सगळ्यांबरोबर हसला. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "तू चांगला आहेस रे, पण तू तोंड उघडलंस की मला लाज वाटते."

झालं. कृष्णराजनं स्वतःला नवीन करायचं ठरवलं. दाढी कोरली, शर्ट खोचला, बाटलीभर सेंट आणला. पण खरा हात घातला तो जिभेला. बातम्या लावायच्या आणि निवेदकाच्या मागून म्हणायचं. लई गेलं, व्हय गेलं, न्हाय तर आधी गेलं. दुकानात शेतकऱ्याला म्हणायचा, "आपणास कोणते खत हवे आहे?" शेतकरी बिचकून बाहेर जायचा. त्याला वाटायचं, आत साहेब तपासणीला आलाय. घरात आप्पांचे बाबा झाले, त्या दिवशी आप्पांनी ताटावरून मान वर करून लेकाकडं नुसतं बघितलं होतं. आणि मग एका सकाळी गोठ्यात ते कोसळले, ते उठले वाचा घालवूनच. मोडलेल्या लग्नाचा धसका घेतला, असं गाव म्हणालं.

"बाबा, तुम्हाला पाणी हवे आहे का?" अर्पितानं सांगितलं तसं कृष्णराजनं विचारलं. आप्पा भिंतीकडं बघत बसले.

"घरी यांना तुम्ही बाबाच म्हणता?"

"कुठलं बाबा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आप्पा म्हणायचा. आता काय आसं बोलायलाय, मलाबी निम्मं कळत न्हाय."

कृष्णराजचे कान लाल झाले. अर्पितानं खुर्ची पुढं ओढली. "ऐका. यांच्या डोक्यात शब्द आहेत, पण वाट बुजलीय. जन्मभर ज्या बोलीत हे जगले, तीच कानावर पडली तर एखाद्या वेळेस वाट सापडेल. परक्या बोलीनं काय होणार? तुमच्या घरचं बोला."

"प्रयत्न करतो," तो म्हणाला. पण करत नव्हता. समोर ही बसलेली. हिच्यासमोर तोंड उघडायचं आणि हिचेही ओठ तसेच दाबले जायचे... नको रे बाबा. मार एकदा खाल्लेला होता.

दर आठवड्याला ते येत राहिले. परतीच्या पावसानं सोयाबीन काळं पडलं, रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या दिसायला लागल्या. कृष्णराज भिजून यायचा, अर्पिता टॉवेल पुढं करायची.

"सेंट धुऊन गेला वाटतं?"

"आपल्याला आवडत नव्हता का?"

"आपल्याला म्हणजे कुणाला? इथं मी एकटीच आहे." ती हसली की नाकाला बारीक घडी पडायची. "तुम्ही कधी चिडत नाही का हो? चिडल्यावर पण बातम्याच देता?"

त्याला काहीतरी झकास उत्तर द्यायचं असायचं. पण ते शुद्ध करेपर्यंत ती पेशंटकडं वळलेली असायची.

मग एक दिवस ती वेगळ्याच आवाजात बोलली. लक्ष्मीबाईंना बाहेर बसवून तिनं सांगितलं, "सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. ते चाललेत. असंच राहिलं तर आप्पा कदाचित कधीच बोलणार नाहीत. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

कृष्णराज आप्पांकडं वळला. ते खिडकीतून ट्रक बघत होते. दाढीचे खुंट वाढलेले, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. ती गुंडी नीट करायला तो खाली बसला आणि त्याला राहवलंच नाही.

"आप्पा... म्या लाज धरली वं तुमची. तुमची, आयची, माज्या सवताची. एका पोरीपायी. आवो बोला की कायतरी, शिव्या द्या, चार मानसांत हाना मला. माज्यावर रागं भरलाव व्हय, आप्पा?"

आप्पांनी मान वळवली. ओढलेले ओठ हलले, घशात घरघरलं, आणि स्पष्ट आवाज आला.

"न्हाय."

कृष्णराज त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. लक्ष्मीबाई दार ढकलून आत धावल्या. अर्पिता फळ्याकडं तोंड करून उभी राहिली.

पण देव एका हातानं देतो तेव्हा दुसरा हात मागं धरतो की काय, कोण जाणे. त्या दिवसापासून आप्पांना तेवढा एकच शब्द आला. भूक लागली का? न्हाय. हे तुमचं घर का? न्हाय. ताट पुढं ठेवलं की जेवायचे मात्र पोटभर. अर्पितानं समजावलं, असं होतं, एकाच शब्दावर गाडी अडकते, बहुतेक पुढं जाणार नाही. मग त्या दिवशी आप्पांनी त्याला माफ केलं होतं, की नुसता शब्द निसटला होता? हे त्याला या जन्मी कळणार नव्हतं.

त्यानं सेंट टाकून दिला. घरात, दुकानात, दवाखान्यात तो पुन्हा आपलं बोलायला लागला. अर्पिता एकदाही हसली नाही. आणि थंडी सुरू झाली तेव्हा तिनं सांगितलं, "हैदराबादला मोठ्या हॉस्पिटलात काम मिळालंय. सोमवारी जातेय."

"बरं झालं," कृष्णराज म्हणाला. बाहेर पडला, पायरीवर थांबला, परत आला. आप्पा खुर्चीत होते, ती त्यांचा हात चोळत होती.

"मॅडम, एक सांगू? म्हंजी... हैदराबाद काय लांब न्हाय. दारातनं एष्टी जाती. तुमी तुमचं काम करा, म्या हितं दुकान बगतो. पर तुमी मला लई आवडता. आप्पा आता हे आसंच ऱ्हानार, आयबी थकलीय. घर आसलं हाय. सगळं बगून सांगा."

तिचा हात आप्पांच्या हातावर तसाच राहिला. नाकाला ती बारीक घडी पडली, डोळे मात्र भरून आले. ती आप्पांच्या कानाशी वाकली.

"आप्पा, तुमच्या लेकाला न्हाय म्हणू का?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

कृष्णराजनं मान खाली घातली. "मॅडम, त्यास्नी दुसरं कायबी बोलता येत न्हाय. तुमाला ठाव हाय."

"म्हणून तर त्यांनाच विचारलं," अर्पिता म्हणाली.