फक्रींच्या टॅबलेटला वायफाय लागलं

"मावशी, लगेच ये. सब्रीला पोलिसांनी धरून नेलंय, आणि आई म्हणते, बरं झालं!"

फोनवर रदवा होती. अफाफच्या धाकट्या बहिणीची मुलगी, पुढच्या महिन्यात लग्न. अफाफ नुकतीच कोर्टातून आली होती, अंगावरचा काळा कोटही उतरवला नव्हता.

"काय चोरीला गेलं?"

"माझा शबका. साखरपुड्याला वाएलने घातलेलं सगळं सोनं."

अब्बासिया वस्तीत सब्रीला सगळे ओळखत. बहिणीच्या इमारतीचा दारवान इद्रीस, त्याचा हा मुलगा. शिकून इंटरनेट दुरुस्तीची कामं करायचा. कुणाच्या घरचं वायफाय बिघडलं की आधी त्याला हाक, आणि काही हरवलं की आधी त्याच्यावरच संशय. अफाफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आधी बहिणीकडे गेलीच नाही, तडक पोलीस ठाण्यावर गेली.

सब्रीचा ओठ फाटला होता.

"हे कुणी केलं?" तिने इन्स्पेक्टर हाझिमला विचारलं.

"जिन्यात पडला, वकीलबाई."

"तुमच्या ठाण्यात तर तळमजल्यावर कोठडी आहे. जिना आणला कुठून?"

हाझिम खोकला आणि बाहेर गेला. अफाफ सब्रीसमोर बसली.

"सकाळी काय काय केलंस ते सांग. आणि रडू नकोस, मला राग येतो."

"जुना राउटर जळाला होता. नवा लावला. लॅपटॉपला वायर जोडून त्याचं कारखान्याचं नाव बदललं आणि घरधन्याचं, 'फक्री' ठेवलं. पासवर्डही नवा. जुना अख्ख्या इमारतीला पाठ होता, महिन्याचं पॅकेज पंधरवड्यात संपायचं. म्हणून या खेपेला एन्क्रिप्शनही नव्या जातीचंच ठेवलं."

"साधं सरळ सांग रे बाबा."

"कुलूप नवं घातलं म्हणा. फार जुन्या यंत्रांना ते उघडताच येत नाही. फक्रीसाहेबांचा टॅबलेट लागलाच नाही. किती बोलले मला!"

"कारखान्याच्या नावावर कुणाचा फोन लागला होता?"

"कुणाचाच नाही. सगळं वायरीवरून केलं, माझा फोन खिशातच होता. मी नाव बदलेपर्यंत घरातलं कुणी तिकडे फिरकलंसुद्धा नाही."

"पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"तुमच्या बहिणीला, सुहैरबाईंना. त्यांनी माझ्यासमोरच घरच्या ग्रुपवर टाकला."

"आणि बेडरूमकडे कशाला गेला होतास?"

"कॅमेरा बसवायला! त्यांनीच सांगितलं. लग्नाचं सामान घरभर पडलंय, बेडरूमच्या बोळात एक कॅमेरा लाव म्हणाल्या." त्याचा आवाज चिरकला. "मी बसवलेल्याच कॅमेऱ्यात मी पिशवी घेऊन जाताना दिसतो, म्हणून मी चोर. उद्या सकाळी सरकारी वकिलापुढे नेणार. एकदा कागदावर चोर म्हणून नाव लागलं, तर मला घरात कोण घेईल, उस्ताझा?"

वकीलबाईंना सगळे आदराने 'उस्ताझा'च म्हणत. अफाफ उठली. "उद्या सकाळ अजून व्हायचीय," एवढंच म्हणाली.

बहिणीच्या घरी सुहैर कपाळाला रुमाल बांधून बसली होती. अफाफला पाहताच तिने सुरू केलं.

"आलीस? आधी त्याच्याकडे जाऊन आलीस ना? रक्ताची बहीण मेली तरी चालेल, पण दारवानाचं पोरगं सुटलं पाहिजे!"

"सुहैर, तोंड आवर. विचारते तेवढ्याचंच उत्तर दे. सोनं शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल रात्री. शनिवारी सोनाराकडे न्यायचं म्हणून बेडरूममध्ये डबी वरच काढून ठेवली होती. रदवाला बांगड्या घट्ट होतात. वाएल बिचारा म्हणत होता, मी नेतो, तुम्ही कशाला उन्हातान्हात? पण मी म्हटलं, माझा सोनार ठरलेला आहे."

"आज घरी कोण होतं?"

"सकाळी तो चोर. दुपारी आम्ही तिघं पडदे घ्यायला अझहरच्या बाजारात गेलो, घराला कुलूप. संध्याकाळी आलो तर डबी गायब!"

"स्वयंपाकघराचं मागचं दार?"

"बंदच होतं. त्याच्या तीन किल्ल्या. एक माझी, एक खाली इद्रीसकडे, एक वाएलकडे. सामान मागच्या जिन्याने नव्या घरी तोच नेतो ना. आता तू जावयावर संशय घेणार असशील तर स्पष्ट सांगते, माझ्या घरातून चालती हो! डबी गेल्याचं कळताच सगळ्यात आधी तो धावत आला. दारातच म्हणाला, 'काकू, नवा पासवर्ड काय आहे? कॅमेऱ्याचं चित्रण लगेच पोलिसांना पाठवतो.' त्याने पाठवलं म्हणून तर चोर सापडला!"

"चित्रण सलग आहे?"

"दुपारी थोडं तुटलंय. इन्स्पेक्टर म्हणाले, वीज गेली असेल."

आरामखुर्चीत फक्री, रदवाचे वडील, मांडीवर टॅबलेट ठेवून जुनी फुटबॉलची मॅच बघत होते. घर जळालं तरी मॅच संपल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही.

"बघ अफाफ," ते म्हणाले, "तो नालायक म्हणत होता, याला वायफाय लागणारच नाही! एक बटण दाबलं नाही मी. पडदे घेऊन आलो तर आपोआप लागलेलं."

अफाफ त्यांच्याकडे बघतच राहिली.

"सकाळी लागत नव्हतं? नक्की?"

"अगं, मी त्याला शिव्या घातल्या ना सकाळी!"

ती स्वयंपाकघरात गेली. टेलिफोनची वायर तिथूनच आत यायची, म्हणून राउटर मागच्या दाराजवळच्या फळीवर होता. फक्रींना दरवेळी फोन करावा लागू नये म्हणून सब्रीने राउटरमध्ये भरायचं लाइनचं नाव आणि आकडे बाजूला चिकटवले होते. ओट्यावर मायक्रोवेव्ह. त्याचं घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं.

"रदवा, वीज गेली की हे घड्याळ काय करतं?"

"शून्यावर येऊन लुकलुकत बसतं. बाबा रोज ओरडतात, कुणीतरी लावा म्हणून."

"आज कुणी लावलं?"

"नाही. आज तर आम्ही..." रदवा बोलता बोलता थांबली. ती मघापासून मनगट खाजवत होती. अफाफने तिचा हात दिव्याखाली धरला. मनगटाभोवती हिरवट काळा पट्टा होता.

"हे कधीपासून?"

"बांगड्या घातल्या की होतं. आई म्हणते, साबण अडकतो."

"सोनं घ्यायला तुम्ही सगळे गेला होतात ना?"

"हो, दोन्ही घरची माणसं. मग वाएल म्हणाला, आत आपली नावं कोरून आणतो. पंधरा दिवसांनी परत दिलं."

अफाफने दातओठ खाल्ले. रदवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि हाझिमला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता या. सब्रीला आणा, त्याचा फोनही आणा. नाहीतर सकाळी सरकारी वकिलापुढे मी आधी त्या जिन्याबद्दल विचारीन, ज्यात तो पडला."

हाझिम तासाभरात आला. सब्रीच्या हातात बेड्या, मागे त्याचा बाप इद्रीस, पायघोळ गलाबियाच्या टोकाने डोळे पुसत. सामानाचे खोके ओलांडत, सुहैरने बोलावलेला वाएलही आला. पाकातल्या बसबूशा मिठाईचा डबा घेऊन! त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि कपडे नेहमी कडक इस्त्रीचे.

"पाशा," इद्रीस हाझिमला म्हणाला, "हातकड्या तेवढ्या काढा. या घरात हा रांगत होता."

"गप रहा," सुहैर म्हणाली. "तेच तर. साप पोसला आम्ही."

"सुहैर!" अफाफ अशी ओरडली की फक्रींनी मॅच थांबवली. "यापुढे एक शब्द बोललीस तर मी तुझी बहीण नाही. सगळ्यांनी फोन टेबलावर ठेवा. स्क्रीन वर करून. इन्स्पेक्टरसाहेब, सब्रीचा फोन काढा, त्यालाच उघडू द्या."

"हा काय खेळ आहे, मावशी?" वाएल हसून म्हणाला.

"खेळच आहे. तू दुकानात रोज खेळतोस तो."

सगळे फोन रांगेत ठेवले गेले. अफाफने डोक्याच्या रुमालाची टाचणी काढली, राउटर उचलला आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून धरली. दिवे विझले, मग एकेक करून पेटले.

"आता 'फक्री' हे नाव गेलं, नवा पासवर्ड गेला. राउटर कारखान्याच्या नावावर आला, किल्ली, म्हणजे पासवर्ड, खालच्या स्टिकरवरची. बरोबर, सब्री?"

"बरोबर."

"आणि फोन एकदा ज्या वायफायमध्ये शिरला, ते परत दिसलं की न विचारता आत शिरतो. बरोबर, वाएल?"

वाएलचा हात टेबलाकडे गेला. हाझिमने तो मनगटातच धरला.

सुहैरचा फोन कोराच राहिला. फक्रींचा, रदवाचा, इद्रीसचाही. सब्रीचा फोन नुसता नावं दाखवत होता, लागत कशालाच नव्हता. वाएलच्या फोनवर मात्र वायफायची खूण उमटली. तिच्याशेजारी स्टिकरवरचं ते लांबलचक नाव होतं.

"हे नाव सकाळपासून हवेत नाही," अफाफ म्हणाली. "मग तुझ्या फोनला कुठून माहीत?"

"सगळे राउटर सारखेच असतात! दुकानात असले शंभर..."

"नावाच्या शेवटचे आकडे प्रत्येक राउटरचे वेगळे. किल्लीही वेगळी. हा डबा आज सकाळी उघडला."

अफाफ एकेक गोष्ट बोटावर मोजत सांगत गेली.

"दुपारी वीज गेलीच नव्हती, मायक्रोवेव्हचं घड्याळ साक्षी आहे. कुणीतरी मागच्या दाराने आला. राउटर दारातच, बोळातला कॅमेरा पुढे. त्याने आधी राउटर रीसेट केला, कॅमेरा आंधळा झाला. मग डबी घेतली. इंटरनेट बंद दिसलं तर लोक सब्रीला बोलावतील आणि सगळं उघडं पडेल, म्हणून स्टिकरवरची किल्ली घालून फोनवरून आत शिरला. 'फक्री' नाव, नवा पासवर्ड, चिकटवलेले आकडे, सगळं होतं तसं केलं. फक्त एन्क्रिप्शन बदलायचं राहिलं. ते कारखान्याच्या जुन्या पद्धतीवर आलं आणि माझ्या मेहुण्याचा म्हातारा टॅबलेट आपोआप लागला."

"आपोआपच लागला!" फक्री पुटपुटले.

"नवा पासवर्ड फक्त घरच्या ग्रुपवर होता. त्यात वाएल होता. तरी संध्याकाळी दारात येऊन मोठ्याने पासवर्ड विचारला. ज्याच्या खिशात किल्ली, तोच विचारतो किल्ली कुठाय!"

"मी माझंच सोनं कशाला चोरीन?" वाएल ओरडला. "मीच दिलंय ते!"

"ते सोनंच नाही म्हणून." अफाफने रदवाचा हात पुढे केला. "नावं कोरायला नेलंस आणि खरं विकून मुलामा परत आणलास. शनिवारी सोनाराने कसोटीवर घासलं असतं आणि तुझी इज्जत गेली असती. मला सांग, या पोराचा ओठ फुटला तेव्हा तुला काहीच वाटलं नाही? चित्रण तर तूच पाठवलंस!"

वाएल रदवाकडे वळला. "मी परत घेणार होतो तुझ्यासाठी. दुकान नीट चाललं की लगेच. शपथ."

"डबी कुठे आहे?" रदवाने विचारलं.

त्याने शर्टाची कडक कॉलर सैल केली.

"कुठे आहे?"

"नव्या घरी. वॉशिंग मशीनमध्ये."

ते मशीन रदवाने स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. तिने टेबलावरचा बसबूशाचा डबा उचलला आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उलटा केला. पाक खाली गळत राहिला. हाझिमने सब्रीच्या बेड्या काढल्या आणि त्याच वाएलला घातल्या.

वाएलला घेऊन हाझिम खाली उतरला. सुहैरने कपाळाचा रुमाल सोडला.

"बस रे सब्री. चहा टाकते. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, तू काही परका आहेस का? आणि चहा होईपर्यंत ते वायफाय तेवढं..."

अफाफने कपाळावर हात मारून घेतला.

सब्रीने फळीवरचा राउटर पाहिला. मग टाचणी उचलून अफाफच्या हातात दिली.

"उस्ताझा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही." मग सुहैरकडे वळला. "आणि बाई, तुमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला मी यापुढे हात लावणार नाही. पुन्हा काही हरवलं तर?"

इद्रीस सवयीने स्वयंपाकघराकडे निघाला. दारवानाच्या घरची माणसं या इमारतीत कायम मागच्याच जिन्याने जात. सब्रीने त्याचा दंड धरला.

"तिकडून नाही, बाबा."

त्याने बापाला दिवाणखान्यातून, नव्या पडद्यांच्या गठ्ठ्यांवरून नेलं, पुढचं दार सताड उघडलं आणि दोघं लिफ्टने खाली गेले. दार त्याने उघडंच ठेवलं. सुहैर ते लावायला उठली, तेव्हा रदवा म्हणाली, "राहू दे."